दुसरा ब्रेक

माणसांनी एकमेकांना चिकटून राहावं याची मास्तरांना शिसारी होती. नुसता राग नव्हे, शिसारी. घासात केस निघाल्यावर जशी पोटातून उसळून येते, तशी. बँकेच्या रांगेत मागच्याचा श्वास मानेला लागला की ते वळून अशा काही नजरेनं बघत की तो बिचारा दोन पावलं मागे सरके आणि उगाचच स्वतःचं तोंड पुसे. लिफ्टमध्ये तीन माणसं दिसली तर मास्तर जिन्यानं जात. घर तिसऱ्या मजल्यावर, गुडघे दोन्ही कुरकुरणारे, तरी जिन्यानं. बायको म्हणायची, "अहो, लग्नाच्या फोटोतसुद्धा हातभर लांब उभे आहात तुम्ही. लोक विचारतात, हे कोण शेजारचे का?"

"म्हणून तर पस्तीस वर्षं धक्का लागला नाही," मास्तर म्हणायचे आणि पेपरात डोकं घालायचे.

घरात ही गंमत होती, रस्त्यावर मात्र गंमत नव्हती. मास्तर गाडी चालवायला शिकवत. गेली चोवीस वर्षं सकाळी सहा ते संध्याकाळी सात, आठवड्याचे सहा दिवस ते रस्त्यावर असत, आणि रस्त्यावर त्यांना दिसायचं ते सगळं घाण होतं. मागून येऊन पाठीला डकवल्यासारखी गाडी लावणारे. सिग्नलला पुढच्याच्या डिकीत नाक खुपसून उभे राहणारे. ट्रकच्या बगलेत, जिथे ट्रकवाल्याला काही म्हणजे काही दिसत नाही, तिथे शीळ घालत निवांत चालणारे. आणि सर्वांत ओंगळ म्हणजे, आपण राखलेली जागा दिसली रे दिसली की त्यात घुसणारे. मास्तर पुढे दहा हातांची जागा सोडत आणि कुणीतरी ती गिळत असे. ते मुकाट्यानं मागे सरून पुन्हा दहा हात सोडत आणि पुन्हा कुणी येई. हे चोवीस वर्षं चाललं होतं. दुसरा एखादा कंटाळून त्या घुसणाऱ्यांसारखाच झाला असता. मास्तर झाले नाहीत, पण आतून आंबत गेले. तोंडात एक शब्द कायम तयार असे, "जनावरं." मग स्वतःच दुरुस्ती करत, "नाही, जनावरं बरी. मेंढ्यासुद्धा एकमेकींच्या अंगावर जोरात जात नाहीत."

त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली. खालून रबर तापल्याचा वास येई. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, एक खिडकी, आठ खुर्च्या आणि पत्र्याचा फळा. फळ्यावर लोहचुंबकाच्या चिमुकल्या गाड्या चिकटवलेल्या असत. नवी तुकडी आली की मास्तर मधोमध एक लाल गाडी लावत आणि तिच्याभोवती खडूनं मोठं अंड्यासारखं वर्तुळ काढत, पुढे जास्त, मागे कमी, बाजूंना बेताचं.

"ही लाल डबी तुमची गाडी नव्हे," ते म्हणत. "हे अख्खं अंडं तुमची गाडी. अंड्याला तडा गेला की आतलं काही राहत नाही."

मग शिकवणी सुरू होई. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचली की आपण मनात सावकाश म्हणायचं, "मला संध्याकाळी घरी जायचंय, दोन्ही पायांनी चालत." हे म्हणायला तीन सेकंद लागतात. वाक्य संपायच्या आत आपण खांबापाशी पोहोचलो तर आपण फार जवळ आहोत. रस्ता ओला असेल तर वाक्य दोनदा. उभ्या गाडीमागे थांबताना तिची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत. ओळीनं लावलेल्या गाड्यांजवळून जाताना एक दार सताड उघडेल एवढी जागा सोडायची, कारण आतला मूर्ख आरशात बघत नाही. ट्रकचा आरसा आपल्याला दिसत नसेल तर आपण ट्रकवाल्याला दिसत नाही. आणि मागचा फार चिकटला तर त्याच्यावर डाफरायचं नाही, आपलं पुढचं अंतर वाढवायचं. "कारण आता त्याच्या वाटचा ब्रेकही तुम्हालाच मारायचाय. हळूच. त्या गाढवाला कळेल अशा बेतानं."

विद्यार्थी त्यांना पाठीमागे अंतरमास्तर म्हणत. मास्तरांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

एका गोष्टीचा मात्र त्यांना खरोखर ताठा होता. त्या भागात आणखी चार ड्रायव्हिंग स्कूलं होती आणि चारींच्या गाड्या पोचे पडून पडून रडवेल्या झालेल्या होत्या. मास्तरांच्या गाडीवर ओरखडा नव्हता. नवख्या माणसांच्या हाती चोवीस वर्षं दिलेली गाडी, आणि ओरखडा नाही! लोक विचारत, "मास्तर, जमतं कसं?" मास्तर खांदे उडवत. "शिकवण," ते म्हणत.

शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. अडीअडचणीला तो दाबायचा. मास्तर त्याच्याबद्दल कधी बोलत नसत. पातळ तळव्याचे कापडी बूट घालत, पाय कायम त्या ब्रेकवर अलगद ठेवून बसत, आणि तोंडानं बाहेरच्या जगाला शिव्या घालत असत. "बघा, बघा तो कसा घुसला! आईबापांनी रांगेत उभं राहायला शिकवलं नाही का?" शिकाऊ माणूस तिकडे बघे, हसे, मान डोलवे. तेवढ्यात इकडे अंतर थोडं कमी झालेलं असे, आणि मास्तरांचा पाय खाली जाई, इतका हळू, जशी चहात साखर विरघळावी. गाडी मंदावे. अंडं पुन्हा शाबूत होई. कुणाच्या काही लक्षात येत नसे, आणि खरं सांगायचं तर मास्तरांच्याही येत नसे. आपण पापणी मिटली हे तरी कुठे आपल्या लक्षात येतं.

मास्तरांना मुलगी एकच. वय चौतीस, पण घरात अजून बबडी. आठ महिन्यांपूर्वी नवऱ्याचं घर कायमचं सोडून दोन बॅगा घेऊन ती परत आली होती आणि पुढच्या खोलीत घडीच्या पलंगावर झोपत होती. पहिले चार महिने तिनं खिडकीशी बसून काढले. आईनं काही विचारलं की "ठीक आहे" म्हणायची. मग कुठून तरी तिला कळलं की जवळच्या लहान मुलांच्या शाळेला व्हॅन चालवायला माणूस हवंय. चार ते सात वर्षांची मुलं, सकाळी घरून आणायची, दुपारी घरी सोडायची. तिच्याकडे परवाना होता. तीन वर्षांपूर्वी बाबांकडेच शिकली होती. पण सासरची गाडी नवराच दडपून बसलेला, त्यामुळे हात बसला नव्हता. मास्तरांनी महिनाभर रोज संध्याकाळी तिला शिकवणीच्या गाडीतून फिरवलं. दोघं सात वाजता निघत, आठला परत येत. येताना तिचा चेहरा दिवसागणिक मोकळा होत गेला. एकदा तर जिना चढताना ती गुणगुणत होती. आईनं ते ऐकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी बबडीची परीक्षाच घेतली नाही. "मास्तरांची मुलगी म्हटल्यावर आम्ही काय बघायचं?" त्या म्हणाल्या. "फक्त त्यांचं पत्र तेवढं आणा. सोमवारपासून या, पहिल्या दिवशी नुसती दुपारी मुलं सोडायची."

शुक्रवारी मास्तरांनी पत्र लिहिलं. अक्षर सुरेख होतं त्यांचं. शेवटी त्यांचं नेहमीचं वाक्य, "यांच्या हाती गाडी निर्धास्तपणे द्यावी," आणि खाली सही. बबडी स्वतः शाळेत देऊन आली आणि येताना व्हॅनच घेऊन आली. दोन दिवस सवय करा, असं बाईंनी सांगितलं होतं.

शनिवारी सकाळी ती म्हणाली, "बाबा, चला. जन्मभर लोकांच्या शेजारी बसून धडधडत आलात. आज जरा पाहुण्यासारखे बसा."

मास्तर खूश होऊन बसले. व्हॅन पांढरी, बारा आसनांची, पुढून सपाट. आत सांडलेल्या दुधाचा आणि मेणाच्या खडूंचा वास. एका आसनाच्या पाठीवर कुणीतरी डोळे नसलेला हत्ती काढला होता. बबडीनं आरसे नीट केले, पट्टा लावला, मागे-पुढे बघितलं आणि व्हॅन अशी सफाईनं बाहेर काढली की मास्तरांची छाती फुगली.

पहिल्या सिग्नलला व्हॅन थांबली तेव्हा पुढच्या गाडीची चाकं दिसत नव्हती. नंबरची पाटीही दिसत नव्हती. दिसत होता तो मागच्या काचेतून आत पडलेला टॉवेल आणि त्याची निळी किनार. मास्तरांच्या लक्षात आलं की आपला उजवा पाय कशावर तरी रेटला गेलाय. त्यांनी तो उचलून घेतला. पहिलाच दिवस, गाडी नवी, ते मनात म्हणाले.

पुढे मोठा रस्ता लागला. बबडी एका बसमागे निघाली. मास्तरांनी सवयीनं एक खांब धरला आणि वाक्य सुरू केलं. "मला संध्याका..." व्हॅन खांबापाशी. त्यांना वाटलं, आपण सावकाश म्हटलं. दुसरा खांब धरला. "मला संध्या..." पाय पुन्हा खाली गेलेला.

"बबडे, जरा मागे राहा."

"हो ना," ती म्हणाली आणि राहिली नाही. ती गप्पा मारत होती. मुलांची नावं पाठ करायची म्हणत होती. बस वळून गेली आणि समोर एक टेम्पो आला. त्यात लोखंडी नळ्या भरलेल्या. नळ्या टेम्पोपेक्षा लांब, मागे चांगल्या दोन हात बाहेर आलेल्या, आणि टोकांना एक लाल फडकं बांधलेलं. मास्तरांना असल्या टेम्पोंचा तिटकारा होता. ते बोलायला तोंड उघडणार तोच टेम्पोचे मागचे दिवे पेटले.

मास्तरांचा पाय खाली गेला. तिथे ब्रेक नव्हता. तिथे रबरी मॅट होती आणि मॅटखाली पत्रा. त्यांनी जिवाच्या आकांतानं पत्रा दाबला, तळव्यातून कळ थेट कंबरेपर्यंत गेली, आणि नळ्या पुढे पुढे येत राहिल्या. मग बबडीनं दणकन ब्रेक मारला. मागची आसनं खडखडली. व्हॅन थांबली. लाल फडकं मास्तरांच्या तोंडासमोर काचेला टेकून हलत होतं, आणि त्यामागे नळ्यांची काळी तोंडं होती, अगदी मोजता यावीत इतकी जवळ.

"काय झालं बाबा?" बबडी म्हणाली. "थांबली की."

मास्तरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. हात शांत होते. पोरगी घाबरलीच नव्हती. नळ्या बघून मास्तरांची जितकी पाचावर धारण बसली नव्हती, तितकी ते बघून बसली.

आणि मग त्यांची तळपायाची आग मस्तकाला गेली. टेम्पो निघून गेला तरी ते बोलतच होते. "हे शिकवलं मी तुला? हे? लोकांच्या डिकीत घुसायला? ओकारी येते मला असली माणसं बघून, आणि माझ्या पोटची पोरगी... उद्यापरवा मागे बारा लेकरं असतील! बारा! कळतं का?"

बबडीनं व्हॅन बाजूला घेतली आणि उभी केली. "बाबा, मी काय वेगळं केलं? महिनाभर अगदी अशीच चालवलीय तुमच्या शेजारी बसून. एवढ्याच अंतरावर. एका शब्दानं बोलला नाहीत. उलट आईला सांगितलंत, पोरीचा हात सोन्यासारखा आहे."

"एवढ्याच अंतरावर?"

"हो! पुढच्याच्या जवळ गेलं की मी पाय उचलायचे आणि गाडी आपोआप मंदावायची. ही व्हॅन जड आहे, उशिरा मंदावते. होईल सवय."

"आपोआप," मास्तर म्हणाले.

बाहेरून गाड्या जात होत्या, एकीला एक चिकटून. मास्तर स्वतःच्या कापडी बुटाकडे बघत होते.

"ती आपोआप मंदावत नव्हती, बबडे," ते शेवटी म्हणाले. "मी मंदावत होतो."

तिनं त्या बुटाकडे बघितलं. "किती वेळा?"

"दर वेळी."

"दर वेळी? मग सांगितलं का नाहीत? एकदा तरी ओरडायचं, की जवळ गेलीस, मार ब्रेक!"

मास्तरांना उत्तर शोधावं लागलं. शोधताना त्यांना जे सापडलं ते किळसवाणं होतं. सांगायला दोन क्षण लागले असते. त्या दोन क्षणांत अंतर आणखी कमी झालं असतं. आणि ते त्यांना बघवत नव्हतं. जग आपल्याला चिकटतंय याची घाण वाटून त्यांचा पाय आधीच खाली गेलेला असायचा. शिकणाऱ्याच्या काळजात धस्स व्हायच्या आधीच ते सगळं निस्तरून मोकळे होत. अंतर फळ्यावर शिकवलं ते तोंडानं, रस्त्यावर राखलं ते पायानं, आणि विद्यार्थ्याला मिळाला नुसता विश्वास की आपण फार छान चालवतो.

"मला धीर धरवत नव्हता," ते एवढंच म्हणाले.

"मग मी शिकले काय, बाबा?"

त्या रात्री जेवताना बायकोनं एकदा मास्तरांकडे, एकदा बबडीकडे बघितलं आणि शहाणी बाई वाढत राहिली.

रविवारी परवान्याच्या परीक्षेचं मैदान रिकामं असतं. तिथला पहारेकरी मास्तरांना ओळखत होता, त्यानं फाटक उघडून दिलं. याच मैदानावर परीक्षा होई. प्लास्टिकच्या शंकूंमधून गाडी मागे घ्या, चढावर थांबवा, आठचा आकडा काढा. पुढच्या गाडीपासून किती लांब राहता हे कुणी तपासत नसे, कारण मैदानावर पुढे गाडीच नसे. मास्तरांनी आडवी चुन्याची रेघ ओढली आणि बाजूला, चांगली वीस पावलं लांब, जाऊन उभे राहिले. बबडीला म्हणाले, "चाळीसच्या वेगानं ये. रेघेवर गाडी थांबली पाहिजे. मी गाडीत नाही."

पहिल्यांदा व्हॅन रेघ ओलांडून कुठल्या कुठे गेली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तिनं इतका आधी ब्रेक मारला की रेघ गाठायला पुन्हा गाडी सुरू करावी लागली. मास्तर बाजूला उभे होते आणि दर वेळी त्यांचा उजवा पाय मातीत रुतत होता. तो त्यांनी शेवटी डाव्या पायाखाली दाबून धरला. त्या पायाचाच त्यांना आता वीट आला होता.

सातव्या खेपेनंतर बबडी खाली उतरली. रेघेपासून पलीकडे गेलेल्या व्हॅनच्या पुढच्या टोकापर्यंत पावलं मोजत गेली. सोळा. ती तिथेच उभी राहिली. काल नळ्या होत्या तेवढ्या उंचीवर तिनं हवेत हात धरून बघितला, आणि मग तिचा चेहरा पांढरा पडला. मास्तरांना शनिवारी जो चेहरा बघायचा होता तो हा. बघून बरं मात्र वाटलं नाही.

दुपारपर्यंत ती रेघेवर थांबायला शिकली. पाचातून तीनदा. व्हॅनच्या पायरीवर बसून तिनं बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं.

"मी उद्या जात नाही," ती म्हणाली.

"दोन आठवडे रोज आलो ना इथे, तर बघ..."

"दोन आठवड्यांनी जाईन. त्यांनी घेतलं तर. उद्या त्या मुलांना घेऊन नाही." आठ महिन्यांत मिळालेली एकच गोष्ट ती हातानं खाली ठेवत होती. "तुम्ही जाऊन सांगा, बाबा. आणि एक करा. माझी चूक म्हणून सांगू नका. तुमची म्हणून सांगा."

सोमवारी आठ वाजता मास्तर मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत बसले होते. खोलीत मुलांच्या गुडघ्याएवढ्या खुर्च्या एकीवर एक रचलेल्या होत्या. पूर्ण वाटभर त्यांनी एक वाक्य घोळवलं होतं, मुलीला ताप आलाय. साधं होतं, कुणालाही पटण्यासारखं. पुढच्या आठवड्यात आणखी काही सांगता आलं असतं. बाईंनी "काय मास्तर, मुलगी कुठाय?" म्हटलं तेव्हा ताप त्यांच्या अगदी जिभेवर आला. आणि मग त्यांना स्वतःची अशी काही शिसारी आली की त्यांनी तो गिळला आणि सगळं खरं सांगून टाकलं. ब्रेक, पाय, नळ्या, चुन्याची रेघ, पत्र. शेवटी म्हणाले, "माझं पत्र मला परत द्या. ते खोटं आहे. तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, पण मला माहीत असायला हवं होतं."

बाई शांतपणे ऐकत होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग उठून कपाटातून एक फाईल काढली आणि मास्तरांचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. मास्तर ते घडी करून खिशात घालणार, तेवढ्यात बाईंनी त्याच फाईलमधून दुसरं पत्र काढून ठेवलं. मग तिसरं. मग चौथं.

कागद थोडे पिवळे पडलेले होते, पण अक्षर सुरेख होतं. "यांच्या हाती गाडी निर्धास्तपणे द्यावी." तिन्हींवर तेच वाक्य, खाली तीच सही.

"आमच्या बाकीच्या तिन्ही व्हॅन या तिघीच चालवतात," बाई म्हणाल्या. "चार वर्षं झाली. छत्तीस मुलं रोज. तुमचं पत्र होतं, म्हणून मी परीक्षा घेतली नव्हती." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्यांनी फाईल धरलेली बोटं पांढरी झाली होती. "आता सांगा मास्तर, यातली कुठली परत नेताय?"

चोवीस वर्षं. वर्षाला शंभर तरी माणसं. रोज सकाळ-संध्याकाळ ज्यांच्याकडे बघून त्यांना मळमळत आलं, पाठीला डकवणारे, जागा गिळणारे, चाकं न दिसेपर्यंत पुढे सरकणारे, त्यांतली किती त्यांच्याच खोलीतून, त्यांच्याच फळ्यासमोरून उठून गेली होती? प्रत्येकाला वाटत असणार की आपली गाडी आपोआप मंदावते. प्रत्येकाच्या शेजारचं आसन रिकामं होतं.

"कुठे आहेत त्या?" त्यांनी विचारलं.

"येतीलच. साडेआठला."

मास्तर खाली फाटकाशी गेले. बाईही पाठोपाठ आल्या. रस्त्याच्या टोकाला पहिली पांढरी व्हॅन दिसली, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. तिन्ही जणू एकाच दोरीला बांधलेल्या होत्या. मधून वाराही जाणार नाही अशा. मागच्या दोघींच्या पुढच्या काचांना मुलं नाक लावून पुढच्या व्हॅनमधल्या मुलांना वेडावून दाखवत होती. पहिली फाटकाशी थांबली, दुसरी तिच्या पाठीशी, तिसरी दुसरीच्या. दारं उघडली आणि मुलं दप्तरं आपटत, किंचाळत आत पळाली. मास्तरांनी एकेक डोकं मोजलं. छत्तीस. छत्तिसावं डोकं फाटकाच्या आत गेल्यावरच त्यांनी श्वास सोडला.

पहिल्या आणि दुसऱ्या व्हॅनच्या मधून पलीकडे जाऊन ते चालकाच्या खिडकीशी पोहोचणार होते. तिथून जाता आलं नाही. आडवं होऊनही नाही. ते वळसा घालून गेले.

पहिली व्हॅन चालवणाऱ्या बाईंनी त्यांना बघितलं आणि त्यांचं तोंड आनंदानं उजळलं. काच खाली करत त्या जवळजवळ ओरडल्याच, "अय्या, मास्तर! ओळखलंत का? तुमचीच विद्यार्थिनी! अहो, चार वर्षं झाली, तुमच्या कृपेनं गाडी अजून कुठे साधी टेकलीसुद्धा नाही बरं का!"

मास्तरांनी खिडकीतून हात आत घातला.

"किल्ली द्या," ते म्हणाले.